काठी कोणत्या हातात

मागच्या नोव्हेंबरात आमच्या आदूच्या शाळेत आजी-आजोबा दिवस झाला. आजी-आजोबांनी पहिल्या दोन रांगांत बसायचं आणि आईबापांनी मागे. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पहिल्या रांगेत होते. अंगात लग्नाकार्यातलं करडं जाकीट, कानात मशीन, डाव्या हातात काठी.

आधी पाद्यपूजा. मुलांनी ताटं आणली, तांबे आणले, आपापल्या आजी-आजोबांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. माइकवर एक बाई आपल्या संस्कृतीबद्दल बोलत होत्या. अण्णांना वाकून मोजा काढता येत नाही, उजवा गुडघा वाकतच नाही धड. आदूला घाई होती, कारण पुढच्याच कार्यक्रमात त्याचं काम होतं. त्यानं मोज्यावरच पाणी ओतलं, घाईघाईनं डोकं टेकवलं आणि पळाला. पुढचे दोन तास अण्णा ओल्या मोज्यात बसून होते. मला ते घरी आल्यावर कळलं, मोजा काढून पाय बघितला तेव्हा. पाय सुरकुतून पांढराफटक पडला होता आणि त्यावर कुंकवाचा ओघळ.

पूजेनंतर नाटुकलं, हिंदीत. आदू दादाजी झाला होता. कापसाच्या मिशा, माझी जुनी शाल, अण्णांची जादाची काठी. कमरेत वाकून, उजवा पाय ओढत, उजव्या हातातली काठी आपटत तो आला तेव्हाच हशा पिकला. सून झालेल्या मुलीनं विचारलं, ‘‘बाबूजी, चाय लोगे?’’ आदू कानामागे हात धरून ओरडला, ‘‘गाय? कहाँ है गाय?’’ मग काय, लोकांची हसून पुरेवाट. ‘क्या? क्या बोला?’ हे पालुपद त्यानं सहा-सात वेळा घोळवलं आणि दर वेळी टाळ्या घेतल्या. अण्णाही हसत होते. टाळ्याही वाजवत होते.

परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, ‘‘छान केलंस रे. पण लोक एवढे का हसत होते?’’

आदू बाहेर बघत म्हणाला, ‘‘असंच, आजोबा.’’

घरी आल्यावर मी त्याला आतल्या खोलीत नेऊन अर्धा तास सुनावलं. मोठ्यांचा मान, आजोबांनी आपल्यासाठी काय काय केलं, उद्या तूही म्हातारा होशील, सगळं. तो ऐकून घेत होता, नखानं गादीचा दोरा काढत होता. माझं संपल्यावर म्हणाला, ‘‘तू पण हसत होतीस. मी वरून बघितलं.’’

हसले होते मी. चांगली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते.

मी नाशिकची. सतरा वर्षांपूर्वी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा पहिलं आश्चर्य वाटलं ते इथल्या मराठी घरांतल्या ‘तुम्ही’चं. आमच्याकडे आजीला ‘ए आजी, तू’ असंच. इथे दुधाचे दात न पडलेलं पोरही आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतं, आणि हिंदीत बोलताना धाकट्या भावालासुद्धा ‘आप’. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या या मराठीनं जवळजवळ तीनशे वर्षांत हिंदीचं बरंच काही उचललं, त्यात ही अदबही आली असावी. मला फार आवडलं होतं ते. वाटलं, या घरात मुलांना आदर वेगळा शिकवावाच लागणार नाही, भाषेतच आहे.

पुढे कळलं की ‘तुम्ही’ म्हणूनही माणसाचा पुरता पाणउतारा करता येतो. ‘‘आजोबा, तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही राहू द्या.’’ व्याकरणात एक चूक सापडणार नाही. आणि हे वाक्य आदूनं कुठून उचललं तेही मला माहीत आहे. ‘‘अण्णा, तुम्ही राहू द्या’’ हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते कुणी मोजलेलं नाही, एवढंच.

नाटुकल्यानंतर आठवडाभरात अण्णांचं मशीन तपासायला न्यायचं होतं. आदूला सुट्टी होती म्हणून तोही आला. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, चुणचुणीत होत्या. आदूची चुळबुळ पाहून त्यांनी मशीनला एक नळी जोडली आणि तिची टोकं त्याच्या कानांत घातली, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी. म्हणाल्या, आता ऐक आजोबांना काय ऐकू येतं ते. मग त्यांनी खुर्ची सरकवली. आदू दचकला. पंखा चालू केला, कागद चुरगाळला, पेन टेबलावर टाकलं. तो तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, ‘‘सगळंच ओरडतंय!’’

मग त्यांनी समजावलं, मला कमी आणि त्याला जास्त. वय झाल्यावर कान सगळेच आवाज सारखे गमावत नाही. बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात. बोलण्यात ते असतात स, श, फ, त, क यांच्यात. आ, ओ, ऊ हे जाड स्वर बराच काळ टिकतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला तुम्ही बोलताय हे ऐकू येतं, पण काय बोलताय ते कळत नाही. सात, हात, भात, सगळं एकच. ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात आणि शब्द आणखीच बुडतो. समोर यायचं, तोंड दिसू द्यायचं, सावकाश बोलायचं. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही.

अण्णांच्या कानात मशीन येऊन सहा वर्षं झाली होती. हे मला आधी कुणी सांगितलं नसेल असं नाही. पण मी स्वयंपाकघरातूनच ओरडत आले होते, फोडणीत मोहरी तडतडत असताना.

आदूला त्या दिवशी काम मिळालं. मशीनची बॅटरी मटाराच्या दाण्याएवढी असते, तिच्यावर नारिंगी चिकटपट्टी. ती काढली की बारीक भोकांतून आत हवा जाते आणि हवेनंच ती बॅटरी जागी होते. म्हणून पट्टी काढून एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मग बसवायची. अण्णांच्या जाड झालेल्या बोटांना ती पट्टी सुटायची नाही, मला थांबायला धीर नसायचा. आता दर आठ-दहा दिवसांनी आदू बॅटरी तळहातावर ठेवून घड्याळ बघत बसतो. रात्री मशीनचं दार उघडून ठेवतो, बारक्या ब्रशनं मळ काढतो, पावसाळ्यात ते कोरडं राहावं म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवतो. शाळेत त्यानं मित्रांना सांगितलंय की आमच्या घरचा इंजिनियर मी आहे.

एक गंमत त्यानं स्वतःच शोधली. कुठला शब्द अण्णांना कसा ऐकू येतो याची वही केली. ‘ताक’चा ‘साप’ होतो. ‘खीर’चं ‘पीठ’ होतं. ‘चाय’ची ‘गाय’ होते का, हे त्यानं तपासून पाहिलं नाही. मीही विचारलं नाही.

लहान मुलाच्या हातात काम द्यावं, हे काही मी शोधून काढलेलं नाही. आमच्या शहराला ते चांगलं ठाऊक आहे. इंदूर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिलं येऊ लागलं ते भाषणांमुळे नाही. रोज सकाळी कचरागाडी दारात येते, गाणं वाजवत येते, आणि ओला वेगळा, सुका वेगळा दिला नाही तर घेत नाही. रोज. ठरल्या वेळी. आमच्या घरी पहिल्यांदा हे शिकली ती रेवा, माझी मोठी, तेव्हा पहिलीत असेल. तिनं मला आणि माझ्या नवऱ्याला शिकवलं. सराफा बाजारात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन झाल्यावर द्रोण हातात घेऊन आम्ही डबा शोधत फिरायचो, कारण ही बया खाली टाकू देत नव्हती. स्वच्छता ही देवाची भक्ती वगैरे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय लागली होती.

गाडीला डबे देण्याचं काम अण्णांचं. मागायला नको, त्यांनी ते आपणहून घेतलेलं. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा मी ते काढून घेतलं. अंगणातल्या दोन पायऱ्या, ओले डबे, नको बाई. पंधरा दिवस अण्णा रोज सकाळी गाडी आली की खिडकीत येऊन उभे राहायचे. मटार सोलायचं काम तेवढं मी ठेवलं होतं, तेही दाणे खाली सांडतात म्हणून मनातल्या मनात कुरकुरत. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण असं आपण किती सहज म्हणून जातो. मला ते वाक्य आता खुपतं. मुलाच्या हातातली सुरी आपण काढून घेतो ती उद्या परत देण्यासाठी. म्हाताऱ्याच्या हातातून काढली ती काढलीच.

शेवटी आदूनंच तोडगा काढला. तो आधी पायरी उतरतो, डबे तो धरतो, अण्णा कठड्याला धरून उतरतात, आणि गाडीवाल्याच्या हातात डबे देतात ते अण्णाच. एकच अडचण होती, गाडीचं गाणं अण्णांना ऐकू येत नाही. सकाळी दाढी-आंघोळीच्या वेळी मशीन काढलेलं असतं. आणि मागून येऊन खांद्याला हात लावला की ते दचकतात.

इथे अण्णांची नोकरी उपयोगी पडली. अण्णा तारखात्यात होते. तारबाबू. सबंध उमेद त्या कट्ट-कडकट्टमध्ये गेली. खोलीत चार यंत्रं वाजत असताना आपलं नेमकं ऐकायचं, आणि ऐकता ऐकता कागदावर उतरवायचं. ज्या माणसाच्या कानांवर लोकांचे जन्म, मृत्यू, नोकऱ्या, लग्नं अवलंबून होती त्याला आता पोळी हवी की भात हे दोनदा विचारावं लागतं. २०१३च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा ते दिवसभर काही बोलले नव्हते. मला तेव्हा वाटलं होतं, एवढं काय त्यात, आता मोबाइल आहेत.

त्यांनी आदूला मोर्स शिकवली, लांब-छोट्या ठोक्यांची ती तारेची लिपी. आता गाडी आली की आदू समोरून जातो, त्यांचा हात हातात घेतो आणि तळहातावर अंगठ्यानं दाबतो, दोन लांब, एक छोटा. गाडीचा ‘जी’. अण्णा तोंडाला साबण असतानाच मान हलवतात.

पण याच शहराची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

२०२१च्या जानेवारीत अण्णांना ८० वर्षं ८ महिने झाले. एवढ्या आयुष्यात माणूस हजार पौर्णिमा पाहतो असा हिशेब, म्हणून सहस्रचंद्रदर्शन. करोनामुळे घरचेच सातजण. दिवे लावले, ओवाळलं, रेवानं आणि चार वर्षांच्या आदूनं नमस्कार केला. अण्णांनी दोघांच्या हातावर शंभराच्या नोटा ठेवल्या.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला ती चित्रफीत आली. कडाक्याची थंडी. शहरातल्या रस्त्यांवरची बेघर, म्हातारी माणसं महापालिकेच्या ट्रकमध्ये भरून देवास रस्त्यावर, शिप्रा नदीजवळ नेली आणि त्यांच्या गाठोड्यांसकट उतरवली. काहींना धड उभंही राहता येत नव्हतं. तिथल्या गावकऱ्यांनी हटकलं, चित्रण केलं, तेव्हा त्यांना पुन्हा ट्रकमध्ये चढवलं. देशभर बोभाटा झाला. अधिकारी निलंबित झाले. जिल्हाधिकाऱ्यांनी खजराण्याच्या गणपतीपुढे जाऊन माफी मागितली. जे झालं ते इतक्या उघड्या डोळ्यांनी झालं होतं की सारवासारवीला जागाच नव्हती. सगळ्यात स्वच्छ शहर. साफसफाई करता करता आपण कुठवर आलो, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

अण्णा माझ्या मोबाइलवर ते बघत होते, आवाज न ऐकता. रेवा शेजारी बसली होती, दहा वर्षांची. अण्णांनी विचारलं, ‘‘कुठे नेतायत गं यांना?’’

रेवा म्हणाली, ‘‘शिप्रेला.’’

अण्णांचा चेहरा उजळला. ‘‘तीर्थाला? वा. म्हाताऱ्यांना कोण नेतं एरवी.’’

शिप्रा म्हटलं की त्यांच्या पिढीला उज्जैन आठवतं, सिंहस्थ, रामघाट. रेवानं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. ती म्हणाली, ‘‘हो, आजोबा.’’ आणि मोबाइल हळूच उलटा ठेवला.

तिला खोटं बोलू नये असं मीच शिकवलं होतं. त्या दिवशी तिला काय म्हणायचं हे मला कळलं नाही.

रेवा आता पंधराची आहे आणि आदूसारखी लाघवी मुळीच नाही. तिचं आणि अण्णांचं पटतही नाही. मी अण्णांबद्दल आतापर्यंत जे लिहिलं त्यावरून ते संत वाटत असतील तर तसं नाही. टीव्हीचा आवाज साठवर. कुठल्याही खोलीत दिवा जळताना दिसला की ‘‘कुणाच्या बापाचं बिल आहे’’, आणि हे आदूला बोलतात ते मला ऐकवायला, लेकी बोले सुने लागे. पोह्यांवर जिरावण मसाला कमी पडला तर ताट बाजूला. रेवाच्या कपड्यांवर बोलतात. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, मुलीच्या जातीनं एवढं मोठ्यानं हसू नये. ती म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्हाला तर हळू हसलेलं ऐकूच येत नाही.’’

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, माफी माग. मी म्हटलं, नको. मोठ्यांना उलट बोलू नये हा नियम मी लहानपणी पाळला आणि त्यानं माझं काही भलं झालं नाही. आदर म्हणजे त्यांचं सगळं खरं, असं मुलीला शिकवलं तर उद्या ती कुणाकुणाचं ऐकून घेईल याची मला जास्त भीती वाटते. मी अण्णांसमोर जाऊन बसले, सावकाश म्हटलं, ‘‘तुमचं बोलणं तिला लागलं.’’ आणि रेवाला सांगितलं, बोललीस ते ठीक, पण कानावरून बोललीस ते ठीक नाही. घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी अण्णांनीच तिच्या दारात जाऊन विचारलं, ‘‘ते हयातीच्या दाखल्याचं कसं करायचं असतं?’’ मला वाटतं ती माफी होती. दोघांपैकी कुणाची ते सांगता येणार नाही.

हयातीचा दाखला हा एक वार्षिक सोहळाच आहे. निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे कळवायचं, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून मुभा. २०१४पासून तो यंत्रावर मिळतो, आधार क्रमांक आणि अंगठा. पण म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. दोन वर्षांपूर्वी एका बँकेत अण्णांचा अंगठा सात वेळा लावून झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. यंत्र नाहीच म्हणतंय. मागे रांग. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, अंकल, आप कल आ जाओ. अण्णा म्हणाले, ‘‘आज चंदू सरवटे असते तर त्यांनी ओळखलं असतं.’’ त्याला काय कळणार! मलाही कळलं नव्हतं. रिक्षात आदूनं समजावलं, कारण आदूला सगळं पाठ आहे.

तर सरवटे. होळकर क्रिकेट संघाचे अष्टपैलू, आणि व्यवसायानं बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. अण्णांच्या गोष्टींतली ही पहिल्या नंबरची. मे १९४६, लंडनचं ओव्हल, सरे या इंग्लिश कौंटीविरुद्ध भारतीय संघाचा सामना. आपले २०५ धावांत नऊ गेलेले. दहाव्या नंबरला सरवटे, अकराव्याला बॅनर्जी. आता काय, सामान बांधा. आणि या शेवटच्या जोडीनं २४९ जोडल्या, दोघांची शतकं, डाव ४५४वर संपला. अण्णा तेव्हा सहा वर्षांचे होते, वडिलांनी पेपर वाचून दाखवला होता. दुसरी गोष्ट त्याच वर्षीची, इथलीच, यशवंत क्लबच्या मैदानावरची. म्हैसूरविरुद्ध होळकरांच्या ८ बाद ९१२, सहाजणांची शतकं, त्यात एक सी. के. नायडूंचं, वय वर्षं पन्नास. तेच नायडू साठी उलटल्यावरही रणजी खेळले, ही तिसरी गोष्ट.

सतरा वर्षांत मी या गोष्टी शंभरदा तरी ऐकल्या असतील. ‘‘हो, सांगितलं होतं तुम्ही’’ असं म्हणून मी त्या कित्येकदा अर्ध्यावर मोडल्या. आदूनं मात्र वेगळंच केलं. तो प्रश्न विचारतो. बॅनर्जींची बॅट कुणाची होती? सरेचे बोलर दमले नाहीत? लंच कुठे झाला? अण्णांना उत्तर येत नाही तेव्हा ते खूश होतात, शोधतात, शेजारच्या काकांना फोन लावायला सांगतात. तीच गोष्ट पुन्हा सांगणारा माणूस बहुधा विसरलेला नसतो, त्याला आणखी काही विचारणारं कुणी भेटलेलं नसतं. आदूला क्रिकेटचं वेड आहे म्हणून हे जमलं, एरवी त्यालाही कंटाळा आलाच असता. अण्णा देवदर्शनाच्या गोष्टी सांगू लागले की तो पाणी प्यायला उठतो.

रेवानं या वर्षी दाखल्याचं काम मोबाइलवर केलं, चेहरा दाखवून. ‘डोळे मिचकवा’ असं त्यात येतं. अण्णांनी इतक्या जोरात मिचकावले की ते यंत्र गोंधळलं. दोघं हसली. पण मी पाहत होते, तिनं सगळी बटणं स्वतःच दाबली, फोन त्यांच्या हातातून घेतला आणि काम झाल्यावर परत दिला. दहा मिनिटांत मोकळी. मी म्हटलं, त्यांना शिकवलंस का? ‘‘आई, तासभर लागला असता.’’ खरंच लागला असता. आदूच्या बॅटरीतली ती दोन मिनिटं मला आठवली. रेवाचं कर्तव्य चोख आहे, त्यात वेळ नाही. मी तिच्या वयाची असताना माझंही असंच होतं. आताही आहे.

शाळेत तिला नागरिकशास्त्रात २००७चा कायदा आला, आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा. मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरणाकडे अर्ज, महिन्याला दहा हजारांपर्यंत रक्कम. त्यात मुलांच्या व्याख्येत सज्ञान नातवंडंही येतात हे वाचून ती स्वयंपाकघरात आली. ‘‘म्हणजे तीन वर्षांनी आजोबा माझ्यावर केस करू शकतात?’’

‘‘करतील,’’ मी म्हटलं, ‘‘दिवा चालू ठेवलास म्हणून.’’

जानेवारीत आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, नंतर मुलांचे कार्यक्रम. आयोजन करणाऱ्या वहिनींनी शाळेतलं ते नाटुकलं पाहिलं होतं. घरी आल्या, आदूला म्हणाल्या, तेच कर रे, काय धमाल केली होतीस. आदू म्हणाला, नाही. का रे? उत्तर नाही. तो खुर्चीखाली बघत बसला. वहिनी जरा रुसूनच गेल्या.

अण्णा खिडकीपाशी होते, कानात मशीन होतं. मला वाटलं नव्हतं त्यांनी ऐकलं असेल. वहिनी गेल्यावर म्हणाले, ‘‘का नाही करणार?’’

आदू गप्प.

‘‘कर की. पण नीट कर. सगळं चूक करत होतास.’’ त्यांनी काठी पुढे केली. ‘‘तुझा दुखरा पाय कोणता होता?’’

‘‘उजवा.’’

‘‘आणि काठी?’’

‘‘उजव्या हातात.’’

‘‘मग पडशील. पाय दुखतो त्याच्या उलट्या हातात धरायची असते काठी. पाय आणि काठी बरोबर टाकायचे, म्हणजे भार वाटला जातो. माझी बघितली नाहीस कधी? कोणत्या हातात असते?’’

आदूनं काठी डाव्या हातात घेतली. गॅलरीत एक फेरी मारली. ‘‘वाकू नकोस एवढा. मी वाकतो का?’’ दुसरी फेरी. ‘‘हं. घाई नको. पुढची फरशी बघून मग पाऊल.’’ तिसऱ्या फेरीला खरंच तो अण्णांसारखा चालू लागला, मला अंगावर काटा आला.

‘‘आणि ते क्या-क्या काय लावलं होतंस?’’

‘‘ऐकू येत नाही म्हणून.’’

‘‘ऐकू न येणारा माणूस काय काय करत नाही रे. एकदा विचारतो, फार तर दोनदा. मग लोक चिडतात. मग तो नुसता हसतो आणि मान हलवतो.’’ त्यांनी करून दाखवलं, हसले, मान हलवली. पहिल्या रांगेत हसले होते अगदी तसंच. ‘‘कर बघू.’’

आदूनं केलं.

मी मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, ‘‘अण्णा, चहा ठेवू?’’

अण्णा वळले, माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी मान हलवली.

मी गॅस बंद केला, गॅलरीत गेले, त्यांच्या समोर खाली बसले आणि पुन्हा विचारलं.